वास गेला, वायू कुठे गेला?

डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरा-बाराच्या पुढे नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, वाशी या बाजूला खिडकी उघडी ठेवली की नाकाला झोंबणारा वास येतो. कधी थिनरसारखा, कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेमकं नावच सापडत नाही असा. सकाळी नऊ-दहापर्यंत तो विरतो आणि दुपारी हवा अगदी स्वच्छ वाटते. सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तीच चर्चा रंगते: कारखानेवाले रात्री सोडतात आणि दिवसा साळसूद बनतात. काही जण तसं करतही असतील, ती शंका निराधार नाही. पण कारखान्यांनी दिवसरात्र अगदी सारखाच वायू सोडला, तरीही वास रात्रीच जास्त येईल. असं का, हे कळायचं तर हवेत गेलेल्या रसायनांचं पुढे काय होतं ते पाहावं लागतं.

आधी वाऱ्याचं गणित, कारण ते सोपं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला लागून, दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढेपर्यंत कारखान्यांचा पट्टा आहे. रस्त्याच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, ऐरोलीपासून वाशीपर्यंतची वस्ती. दिवसा जमीन तापते, खारे वारे खाडीकडून डोंगराकडे वाहतात आणि कारखान्यांतून जे काही बाहेर पडतं ते पूर्वेला ढकलतात. रात्री जमीन गार होते आणि वारे उलटतात. मतलई वारे डोंगराकडून खाडीकडे, म्हणजे कारखान्यांवरून घरांकडे येतात. त्यात थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, अशी स्थिती होते. गार हवा जड असते, ती वर चढत नाही. दिवसा किलोमीटरभर उंचीपर्यंत मिसळून जाणारा वायू रात्री जेमतेम शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडून राहतो. एवढ्यानेच वास कितीतरी पटींनी वाढतो.

पण वारा फक्त जागा बदलतो. वायू खरोखर नाहीसा करायचा तर त्याचा रेणू मोडावा लागतो, आणि ते काम रात्री जवळपास बंद पडतं.

हे मोडतं कोण?

सेंद्रिय संयुगं म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचे रेणू, आणि बहुतेकांत त्या सांगाड्याला हायड्रोजन जोडलेला असतो. आपल्या आसपास त्यांना तोटा नाही. पंपावर टाकी भरताना सुटणारी पेट्रोलची वाफ, ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत रंगकाम चालू असताना जिन्यात कोंडलेलं थिनर, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, उदबत्तीचा धूर, औषधांच्या कारखान्यांतले द्रावक, ही सगळी याच कुळातली. झाडंही मागे नाहीत. बांबू, निलगिरी यांसारख्या कित्येक झाडांच्या पानांतून उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सुटतो, आणि जगभरच्या झाडांचा हिशेब केला तर तो वर्षाला 50 कोटी टनांच्या घरात जातो. हे सगळं वर्षानुवर्षं साचत गेलं असतं तर श्वास घेणं अशक्य झालं असतं.

साध्या ऑक्सिजनला हे रेणू मोडता येत नाहीत. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असूनही कॅनमधलं पेट्रोल आपोआप पेटत नाही, ठिणगी लागते. मग तीस अंशांच्या हवेत, ठिणगीशिवाय, ही वाफ कोण संपवतं? 1971 साली हायरम लेव्ही या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचं उत्तर मांडलं: हायड्रॉक्सिल मूलक. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे तो कमालीचा अधीर असतो. समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो.

तो तयार कसा होतो हे पाहण्यासारखं आहे. जमिनीलगतच्या हवेत थोडा ओझोन कायम असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओझोनचा रेणू फुटतो, त्यातून ऊर्जेने भरलेला ऑक्सिजनचा एकटा अणू सुटतो, आणि तो पाण्याच्या वाफेवर आदळला की दोन हायड्रॉक्सिल जन्माला येतात. म्हणजे कच्चा माल तीन गोष्टींचा: ओझोन, कडक ऊन, दमट हवा. आपल्या किनारपट्टीला शेवटच्या दोन्हींची ददात नाही. मे महिन्यात घामाने जीव नकोसा करणारी आर्द्रता इथे चक्क हवा धुण्याच्या कामी येते. जगातला बहुतांश मिथेन उष्ण कटिबंधातच मोडला जातो, तो याच कारणाने.

हायड्रॉक्सिल असतो मात्र अत्यंत थोडा. एक घनसेंटिमीटर हवेत दिवसा साधारण 10 लाख ते 1 कोटी. आकडा मोठा वाटेल, पण 10 लाख धरले तर हवेच्या 25 लाख कोटी रेणूंमागे एक असं ते प्रमाण पडतं. आणि जन्मल्यापासून एका सेकंदाच्या आत तो कशावर तरी खर्ची पडतो. शास्त्रज्ञ त्याला वातावरणाचा डिटर्जंट म्हणतात. एवढ्या चिमूटभर डिटर्जंटवर अख्ख्या पृथ्वीची हवा धुतली जाते, याचं मला आजही नवल वाटतं. सूर्य मावळला की त्याची निर्मिती जवळजवळ थांबते. साठा करून ठेवता येईल असा तो पदार्थच नाही.

एका रेणूचा माग

नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर सिलिंडर बदलताना फुस्स करून थोडा गॅस सुटतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यातल्या ब्युटेनच्या एका रेणूचा माग काढू. चार कार्बन, दहा हायड्रोजन.

पहिला घाव हायड्रॉक्सिलचा. तो ब्युटेनचा एक हायड्रोजन हिसकावतो आणि स्वतः पाणी होऊन बाजूला होतो. ज्या ऑक्सिजनला अख्ख्या ब्युटेनचं काहीही करता येत नव्हतं, तोच या तुटलेल्या ब्युटेनला क्षणात येऊन चिकटतो. आता झाला पेरॉक्सी मूलक. पुढची पायरी मात्र रस्त्यावरच्या धुरावर अवलंबून आहे. इंजिनातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडत असतं. पेरॉक्सी मूलक आपल्याकडचा एक ऑक्सिजन त्याला देतो, नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि ब्युटेनचा उरलेला सांगाडा कधी मधोमध फुटून दोन कार्बनचं अ‍ॅसिटाल्डिहाइड देतो, कधी चार कार्बन शाबूत ठेवून किटोन बनतो. या झटापटीच्या शेवटी एका हायड्रोजनची देवाणघेवाण होते आणि, ही फार सुंदर गोष्ट आहे, सुरुवातीला खर्च झालेला हायड्रॉक्सिल परत मिळतो. तो पुढच्या रेणूवर जायला मोकळा.

अ‍ॅसिटाल्डिहाइड तिथेच थांबत नाही. त्याचंही असंच तुकड्यातुकड्याने फॉर्माल्डिहाइड होतं. फॉर्माल्डिहाइड उन्हात काही तासांत फुटतं आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. मग एक-दोन महिन्यांनी कधीतरी दुसरा हायड्रॉक्सिल त्याला गाठतो आणि तो कार्बन डायऑक्साइड होतो. शेगडीवर जळला असता तरी त्या ब्युटेनचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच झालं असतं. फरक वेळेचा आहे. शेगडी ते काम निमिषात उरकते. हवा दिवसच्या दिवस घेते आणि तोवर अर्धवट जळलेले सगळे तुकडे आपल्या नाकातोंडाभोवती फिरत असतात. मूळ ब्युटेन थोड्या प्रमाणात बऱ्यापैकी निरुपद्रवी. वाटेत तयार झालेलं फॉर्माल्डिहाइड मात्र कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं रसायन आहे.

आणि त्या नायट्रोजन डायऑक्साइडचं काय? उन्हात तो काही मिनिटांत फुटतो. पुन्हा नायट्रिक ऑक्साइड आणि एक सुटा ऑक्सिजन अणू. हा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जोडला गेला की ओझोन. म्हणजे एक सेंद्रिय रेणू पुरता मोडेपर्यंत वाटेत अनेक ओझोन तयार होऊ शकतात. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन आपलं रक्षण करतो, हे शाळेत शिकलो. नाकाच्या उंचीवरचा ओझोन फुप्फुसांचा दाह करतो, दमेकऱ्यांना त्रास देतो, पिकांची पानं जाळतो. भारताच्या 2009 च्या मानकांत त्याची आठ तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. कुठलीही चिमणी ओझोन सोडत नाही, पेट्रोलच्या गाडीतूनही तो बाहेर पडत नाही. तो हवेतच शिजतो, वाफ आणि धूर एकत्र येऊन, उन्हात.

ही गोष्ट उकलली ती अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने. आरी हागेन-स्मिट हे डच रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात अननसाच्या स्वादाची रसायनं वेगळी करत होते. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा डोळे चुरचुरवणारं धुरकं पडायचं आणि त्याचं कारण कुणालाच सापडत नव्हतं. त्यांनी अननसासाठी वापरायची तीच पद्धत शहराच्या हवेला लावली: हवा अतिथंड नळीतून ओढायची आणि गोठलेलं काय हाती लागतं ते तपासायचं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की पेट्रोलची वाफ, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन एवढ्यावर हे धुरकं तयार होतं. ओझोन मोजायला त्यांनी रबराची वाकवलेली पट्टी वापरली. ओझोनने रबराला भेगा पडतात. भेग किती लवकर आणि किती खोल, त्यावरून अंदाज.

कुणी तासात जातं, कुणी दहा वर्षं राहतं

एप्रिल-मेमध्ये वाशीच्या एपीएमसीत फळबाजाराच्या गल्लीत शिरलं की पेटीपेटीतून हापूसचा दरवळ येतो. त्यातलं एक प्रमुख द्रव्य म्हणजे ओसिमीन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या स्वादावर बरंच काम झालं आहे आणि त्यात हे ठळकपणे पुढे आलं. ओसिमीनच्या रेणूत कार्बनचे दुहेरी बंध आहेत, आणि दुहेरी बंध म्हणजे हायड्रॉक्सिल व ओझोन दोघांनाही आयतं सावज. भर उन्हात ते तासाभराच्याही आत मोडतं. आयसोप्रीनला एक-दोन तास लागतात.

आता याच्या उलट टोक. घरात पाइपने येणारा गॅस म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन. मिथेनला स्वतःचा वास नाही, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मर्कॅप्टन जातीचं गंधकयुक्त रसायन नावाला मिसळतात. सडक्या कोबीचा तो वास त्याचाच. पाइपमधून गॅस बाहेर गळाला, तर हवेतलं मर्कॅप्टन काही तासांत मोडतं. मिथेन मात्र साधारण दहा वर्षं हवेत राहतो, कारण त्याचे कार्बन-हायड्रोजन बंध फार घट्ट आहेत. नाक सांगतं की गॅस गेला. गेला असतो तो फक्त इशारा देणारा.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीची मंडळी. हायड्रॉक्सिलच्या सरासरी प्रमाणावर हिशेब केला तर झायलीन साधारण अर्धा दिवस, टोल्युइन दोन दिवस, अल्कोहोल तीन-चार दिवस, ब्युटेन पाच दिवस, बेंझीन नऊ-दहा दिवस. शेवटच्या नावाजवळ जरा थांबायला हवं. बेंझीन रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे, आणि झायलीन, टोल्युइन, बेंझीन या सहा कार्बनच्या कड्याच्या ‘सुवासिक’ कुळातल्या भावंडांत सर्वांत चिवट तेच. टोल्युइन आणि बेंझीन दोन्ही पेट्रोलमधून एकत्रच बाहेर पडतात, पण टोल्युइन लवकर संपतं. त्यामुळे हवेच्या नमुन्यात दोघांचं गुणोत्तर काढलं की तो वायू ताजा आहे की लांबून प्रवास करून आलाय, हे ओळखता येतं. रस्त्याच्या कडेला टोल्युइन बेंझीनच्या दुप्पट-तिप्पट सापडतं. हवा जुनी होत जाते तसा हा फरक कमी होतो. रंगाच्या किंवा द्रावकांच्या कारखान्याजवळ तेच गुणोत्तर एकदम खूप वर जातं. चोर ओळखायचं हे फार उपयोगी साधन आहे आणि आपल्याकडे तक्रारींच्या तपासात त्याचा वापर व्हायला हवा.

एसीचा गॅस हा याच हिशेबातला एक बोधप्रद प्रकार. जुन्या फ्रिजमधल्या आर-12 मध्ये एकही हायड्रोजन नव्हता, म्हणून हायड्रॉक्सिलला पकडायला काही नव्हतंच. तो शंभरएक वर्षं टिकतो, वरपर्यंत चढतो आणि तिथे तीव्र अतिनील किरणांनी फुटून ओझोनचा थर खातो. मग मुद्दाम हायड्रोजन असलेले रेणू निवडले गेले. आर-22 साधारण बारा वर्षं, हल्लीच्या घरगुती एसीतला आर-32 पाच वर्षं. काही नव्या मोटारींतला वायू तर दुहेरी बंधामुळे दहा-बारा दिवसांतच मोडतो. ऐकायला आदर्श. पण त्याच्यापासून ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल बनतं, ते पावसाबरोबर खाली येतं आणि निसर्गात सहजासहजी मोडत नाही. लवकर मोडणं चांगलंच, पण मोडून काय उरतं हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही रसायनाला शाबासकी देऊ नये.

रस्त्यावर कमी, लांब जास्त

ओझोनच्या बाबतीत एक गोष्ट सुरुवातीला उलटी वाटते. ठाण्यातल्या माजिवड्याच्या चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी तो कमी असू शकतो. ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. हवा पुढे सरकते, नायट्रिक ऑक्साइड संपत जातो, सेंद्रिय वाफा मोडत राहतात आणि ओझोन वाढतो. खारा वारा ताशी दहा-पंधरा किलोमीटरने वाहत असेल तर सकाळी उशिरा वाशीवर असलेली हवा दोन-तीन तासांत पनवेल-माथेरानच्या अंगाला पोचते. धूर एका गावाचा, ओझोन दुसऱ्या गावाला. त्यामुळेच फक्त वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड घटवला आणि सेंद्रिय वाफा तशाच राहिल्या, तर शहरात ओझोन उलट वाढू शकतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जगातल्या अनेक शहरांत नेमकं हेच दिसलं. दोन्ही एकत्र कमी करण्यावाचून मार्ग नाही.

सगळे तुकडे वायूच राहतात असंही नाही. थिनरमधल्या टोल्युइनचं पाहा. इथे हायड्रॉक्सिल बहुतेक वेळा हायड्रोजन काढत नाही, थेट कड्यालाच जाऊन चिकटतो. कडं फुटतं, ऑक्सिजनचे अणू जोडले जातात, आणि रेणू जितका ऑक्सिजनने लदतो तितका तो कमी उडतो. शेवटी तो हवेतल्या बारीक कणांवर बसतो. पीएम 2.5 हे बारीक कण म्हणजे बांधकामाची धूळ, ही आपली सरसकट समजूत अपुरी आहे. त्यातला बराचसा भाग असा वायूपासून हवेतच घडलेला असतो. रस्त्यावर पाण्याचे फवारे मारले की जाड धूळ बसते. या कणांना त्याने काहीही होत नाही. ते कमी करायचे तर मुळातली वाफच अडवावी लागते: टाक्यांची झाकणं, पंपांवरची वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा, द्रावकांऐवजी पाण्यात मिसळणारे रंग.

पावसाळ्यात चित्र बदलतं. ढगांमुळे ऊन कमी, म्हणून ओझोनही कमी; फॉर्माल्डिहाइड आणि आम्लं पाण्यात विरघळून खाली येतात. बेंझीन, टोल्युइन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना पाऊस धूत नाही, समुद्रावरचा वारा पांगवतो एवढंच.

आता पुन्हा थंडीतली रात्र. ऊन नाही म्हणजे हायड्रॉक्सिल जवळजवळ नाही. अंधारात नायट्रेट नावाचा दुसरा एक मूलक तयार होतो, जो उन्हात टिकत नाही. झाडांतून सुटणारी टर्पीन नावाची सुगंधी संयुगं आणि काही गंधकयुक्त संयुगं तो झपाट्याने मोडतो, पण बेंझीन-टोल्युइनला तो जवळपास स्पर्शही करत नाही. शिवाय रस्त्यालगत नायट्रिक ऑक्साइड भरपूर असला की तो स्वतःच क्षणात संपतो. म्हणजे रात्री दहाला हवेत गेलेला द्रावक पहाटे पाचला जवळजवळ तसाच्या तसा असतो, आणि तोही शे-दोनशे मीटरच्या थरात, घरांच्या दिशेने सरकत. सकाळी ऊन चढलं की रात्रभर साचलेलं नायट्रस आम्ल फुटून हायड्रॉक्सिलचा पहिला लोट येतो, थर वर उचलला जातो, वारा फिरतो. नऊ-दहाला वास जातो तो या तिन्हींमुळे. त्यातला रसायनाचा वाटा लहान. टोल्युइन तेव्हा कुठे मोडायला सुरुवात झालेली असते.

म्हणून रात्रीच्या वासाची तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी करण्यात काही अर्थ नसतो. वारा उलट्या दिशेला, हवा पाच-दहापट उंचीपर्यंत मिसळलेली. नमुना स्वच्छ येणारच, आणि त्यावरून तक्रार खोटी ठरवणं हा रहिवाशांवर अन्याय आहे. रोजच्या हवा गुणवत्ता निर्देशांकाचाही इथे उपयोग नाही, कारण त्यातल्या आठ प्रदूषकांत ओझोन आहे, बेंझीन नाही. बेंझीनची वेगळी मर्यादा आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, आणि बऱ्याच स्वयंचलित केंद्रांवर बेंझीन-टोल्युइन तासातासाला मोजलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर हे आकडे कुणालाही पाहता येतात. तक्रार लिहिताना वास कसला, किती वाजता आला, वारा कुठून होता हे लिहा. जवळच्या केंद्राचे रात्री दहा ते सकाळी आठपर्यंतचे टोल्युइन आणि बेंझीनचे आकडे शेजारी शेजारी जोडा, आणि नमुना त्याच वेळात घ्यावा अशी लेखी मागणी करा.